मधुमेहातील सांधेदुखी आणि ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ हा सल्ला

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप गटांवर मधुमेह असणाऱ्यांसाठी म्हणून एक लांबलचक संदेश अधूनमधून फिरत असतो. शब्द दर वेळी थोडेफार बदलतात, मजकूर मात्र तोच राहतो. मधुमेही माणसाचे सांधे साखरेमुळेच दुखतात आणि साखर उतरली की आपोआप थांबतात, असे त्यात म्हटलेले असते. पुढे सूचना येतात: यूरिक ॲसिड तपासा आणि डाळी, टोमॅटो व आंबट बंद करा, आर.ए. ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली की संधिवात नाही असे समजा. डॉक्टरकडे जाऊ नका, कारण ते वेदनाशामक गोळ्या देतात आणि मधुमेहात त्यांनी किडनी जाते. दुखण्याचे खरे मूळ शुगरच्या गोळ्यांत आहे, तेव्हा त्या हळूहळू सोडा. चालणे कमी करा, गुडघे झिजतात. आणि तीन महिने काढा व ‘खात्रीच्या पुड्या’ घेऊन वाट पाहा.

या संदेशाला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण तो सरसकट खोटा नाही. त्यातील बहुतेक ओळींत सत्याचा एक तुकडा आहे आणि त्या तुकड्याच्या आधाराने उरलेला चुकीचा सल्ला लोकांच्या गळी उतरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. वयाच्या पन्नाशीनंतर सांधे दुखू लागणाऱ्यांची संख्याही मोठी आहे, म्हणजे हा संदेश ज्यांच्या हाती पडतो त्यांतील कित्येकांना तो आपल्यासाठीच लिहिला आहे असे वाटत असणार.

‘सांधे साखरेमुळेच दुखतात, साखर उतरली की थांबतील’

मधुमेहाचा सांध्यांशी संबंध आहे, हे पूर्णपणे खरे आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती कोलॅजन या प्रथिनाला चिकटत जाते आणि सांध्यांभोवतीच्या पिशव्या, स्नायुबंध व त्वचा यांतील लवचिकपणा कमी होतो. याची एक साधी खूण घरच्या घरी पाहता येते. दोन्ही हात छातीसमोर आणून नमस्कारासाठी जोडावेत. तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील आणि बोटांमध्ये फट राहत असेल, तर बोटांचे सांधे आखडू लागले आहेत असा संशय घ्यायला जागा असते. बोट वाकवल्यावर अडकून बसणे आणि सरळ करताना झटक्याने सुटणे, रात्री अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, या तक्रारीही मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात.

सर्वांत त्रासदायक असतो तो आखडलेला खांदा. सुरुवातीला नुसता ठणका असतो आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. मग हळूहळू ब्लाउजचा मागचा हुक लावता येईनासा होतो, अंबाडा बांधताना हात वर जात नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, एसटीत उभे राहून वरचा दांडा धरता येत नाही. घरातली बाई ही कामे दुसऱ्या हाताने करू लागते आणि खांदा पार अडकेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. हा आजार मधुमेहींना कितीतरी अधिक प्रमाणात होतो, दोन्ही खांद्यांना होण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते आणि तो बरा व्हायलाही त्यांना जास्त काळ लागतो. कधी कधी तर आखडलेल्या खांद्याची तपासणी करतानाच मधुमेह असल्याचे पहिल्यांदा कळते.

परंतु म्हणून साखर उतरवली की खांदा सुटेल, असा निष्कर्ष निघत नाही. साखर आटोक्यात आणलीच पाहिजे, त्याने पुढचे नुकसान रोखले जाते. पण एकदा आकसलेली पिशवी चांगला रिपोर्ट आला म्हणून सैल होत नाही. तिला व्यायामोपचार लागतो, तो शिकवणारा फिजिओथेरपिस्ट लागतो, काहींना सांध्यात इंजेक्शन लागते. दुखण्याच्या पहिल्या काही महिन्यांत हे उपचार सुरू झाले तर वेदना लवकर आटोक्यात येते आणि हालचालही जास्त वाचवता येते.

याहून महत्त्वाची चूक ‘मुळेच’ म्हणण्यात आहे. मधुमेह असला म्हणून इतर आजारांपासून सुटका होत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघर जाऊन सांधे व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली, तेव्हा एकाच गावात या दुखण्यांचे अनेक वेगवेगळे प्रकार आढळले. आमवाताचे, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, प्रमाण प्रौढांमध्ये दोनशे जणांत साधारण एक असे निघाले. गुडघ्यांची झीज, आमवात, गाऊट, सोरायसिस या त्वचारोगाबरोबर येणारा संधिवात, सांध्याचा क्षयरोग, हे सगळे मधुमेह असलेल्या माणसालाही होतात. चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्राने १९७३ मध्ये बार्शीला पाहिली, २००६ मध्ये मोठ्या प्रमाणावर अनुभवली आणि आजही पावसाळ्यात व त्यानंतर तिचे रुग्ण येतात. ताप उतरून महिने लोटले तरी घोटे आणि मनगटे दुखत राहणारी माणसे आपल्या ओळखीत सहज सापडतील. टाइप १ मधुमेह आणि आमवात या दोन्हींत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि टाइप १ असलेल्यांना आमवात होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. आयुर्वेदाच्या परंपरेतही संधिवात, आमवात आणि वातरक्त हे तीन वेगळे विकार मानून त्यांचे वेगळे वर्णन केलेले आहे. हा संदेश मात्र सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. कोणता सांधा दुखतो, कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, एका बाजूला की दोन्हीकडे, यांपैकी एकही प्रश्न तो विचारत नाही आणि निदान मात्र सांगून मोकळा होतो.

‘यूरिक ॲसिड तपासा, डाळी, टोमॅटो, आंबट बंद करा’

यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा आजार म्हणजे गाऊट. त्याचे रूप बहुधा ठळक असते. माणूस रात्री बरा झोपतो आणि पहाटे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असह्य ठणक्याने जागा होतो. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही. दोन्ही गुडघे पायऱ्या चढताना दुखतात आणि रक्तात यूरिक ॲसिड थोडे वाढलेले आहे, एवढ्यावरून गाऊट ठरत नाही. लठ्ठपणा, रक्तदाब आणि किडनीचा आजार यांत यूरिक ॲसिड अनेकांचे वाढलेले असते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गाऊट कधीच होत नाही. उलटपक्षी, गाऊटचा झटका चालू असताना रक्तातील पातळी चक्क सामान्य येऊ शकते, म्हणून झटका ओसरल्यावर काही आठवड्यांनी ती पुन्हा पाहावी लागते. खात्रीचे निदान सांध्यातील पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहून होते.

डाळींविषयीचा सल्ला तर मधुमेहींसाठी घातकच आहे. गाऊटचा धोका मांस, विशेषतः कलेजीसारखे अवयव, तारली-बांगड्यासारखे मासे, बिअर आणि इतर मद्य, तसेच गोड शीतपेये यांनी वाढतो. डाळी व भाज्यांतील प्युरिनमुळे (ज्यापासून शरीरात यूरिक ॲसिड बनते) तसा धोका वाढत असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. शाकाहारी घरात डाळ, उसळ आणि पिठले बंद झाले की ताटात उरते भात, पोळी आणि बटाटा. प्रथिने घटतात, स्नायू अशक्त होतात, साखर चढते, आणि ज्या सांध्यांसाठी हा खटाटोप केला त्यांना आधार देणारे मांडीचे स्नायूच क्षीण होतात.

संदेशातून निसटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रुग्णाची आधीची औषधे. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवीची गोळी, विशेषतः थायझाइड गटातील, यूरिक ॲसिड वाढवते. लोसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी ते किंचित उतरवते. गाऊट असलेल्या मधुमेही रुग्णाची रक्तदाबाची गोळी बदलणे हा टोमॅटो सोडण्यापेक्षा कितीतरी उपयोगी उपाय ठरू शकतो, परंतु तो निर्णय रुग्णाची सगळी औषधे पाहिलेल्या डॉक्टरनेच घ्यायचा असतो.

‘आर.ए. निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही’

आर.ए. फॅक्टर ही रक्ततपासणी आमवात असलेल्या साधारण चार-पाच रुग्णांतील एकाच्या बाबतीत निगेटिव्ह येते, आणि आमवात नसलेल्या काही वयस्कर माणसांत ती पॉझिटिव्हही येते. सोरायसिससोबतच्या संधिवातात तर ती बहुधा निगेटिव्हच असते. आमवाताचे निदान मुख्यतः हातांवर आणि हकिगतीवर होते: दोन्ही हातांच्या बोटांचे मधले व मुळाचे सांधे आणि मनगटे सुजलेली असतात, सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही आणि हा आखडलेपणा अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक टिकतो, बोटातली अंगठी निघत नाही, पिठाचा गोळा मळता येत नाही. याच्या जोडीला अँटी-सीसीपी ही आमवाताची आणि ईएसआर व सीआरपी या शरीरातील सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या मदत करतात. निगेटिव्ह कागद हातात घेऊन घरी बसलेल्या रुग्णाची बोटे त्या काळात वाकडी होऊ शकतात.

‘डॉक्टर वेदनाशामक देतील आणि किडनी जाईल’

संदेशातील ही सर्वांत परिणामकारक ओळ आहे, कारण तिच्यामागची भीती खरी आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी सूजविरोधी वेदनाशामके मधुमेहींच्या किडनीला खरोखरच अपाय करू शकतात. किडनीतील रक्तप्रवाह खुला ठेवण्यासाठी शरीर जी रसायने वापरते, नेमकी तीच ही औषधे अडवतात. एरवी निरोगी तरुणाला दोन दिवस घेतल्याने सहसा काही होत नाही. पण मधुमेही रुग्ण बहुधा रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी घेत असतो, कधी तिच्यात लघवीची गोळी मिसळलेली असते, आणि त्यात ही तिसरी गोळी पडली की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झालेले असेल तर किडनी अचानक बंद पडण्याची वेळ येते. यांतील काही औषधांनी, विशेषतः डायक्लोफेनॅकने, हृदयविकाराचा धोकाही वाढतो, आणि मधुमेहींमध्ये तो मुळातच जास्त असतो.

मग प्रश्न असा पडतो की ही गोळी रुग्णाच्या हातात येते कोठून. आपल्याकडे ती बहुतेक वेळा मेडिकलच्या काउंटरवरून येते. ‘गुडघा दुखतोय, एखादी चांगली गोळी द्या’ असे म्हटले की चिठ्ठीविना स्ट्रिप मिळते, किडनीचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन किती आहे हे तेथे कोणी विचारत नाही, आणि तीच स्ट्रिप पुढे महिनोन्‌महिने चालू राहते. म्हणजे ज्या धोक्याची भीती दाखवून संदेश लोकांना डॉक्टरपासून लांब ठेवतो, तो धोका डॉक्टर टाळल्यानेच वाढतो. किडनीची अवस्था पाहून पॅरासिटामॉल पुरेल का, गुडघ्याला किंवा हाताला नुसते जेल लावून भागेल का, ठरावीक दिवसांपुरती तोंडाने घेण्याची गोळी चालेल का, की सांध्यात इंजेक्शन देणे बरे, असे निरनिराळे मार्ग डॉक्टरला निवडता येतात. सगळेच डॉक्टर तितका वेळ देतात असे नाही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून रुग्णानेच ‘मला शुगर आहे, माझे क्रिएटिनिन इतके आहे, ही गोळी मला चालेल का आणि किती दिवस?’ हे स्पष्टपणे विचारावे.

याच संदर्भात, संदेशात काढ्याच्या ओघाने येणाऱ्या ‘खात्रीच्या पुड्यां’विषयी लिहिणे मला अत्यंत निकडीचे वाटते. आठवडी बाजारात, जत्रेत किंवा कोणा वैदूकडे पांढऱ्या कागदाच्या घडीत बांधलेली राखाडी किंवा तपकिरी पूड मिळते. कागदावर ना नाव, ना घटक, ना तारीख. पहिल्या दोन-तीन पुड्यांतच वर्षभराचे दुखणे पळते, भूक वाढते, माणूस जिना चढू लागतो आणि आपण होऊन दहा जणांना पत्ता सांगतो. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड औषधे मिसळलेली असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळून आलेले आहे. मधुमेहीच्या बाबतीत याचे परिणाम लवकर दिसतात. आटोक्यात असलेली साखर कारण न समजता तीनशे-चारशेवर जाते, चेहरा गोल होतो, पाय सुजतात, कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात, अंगात दबून असलेला क्षय डोके वर काढतो, आणि सांध्यात जंतुसंसर्ग झालाच तर ताप व वेदना झाकल्या जाऊन तो कळतच नाही. दीर्घकाळ घेतल्यास खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड कुजू शकते. यातला सर्वांत अवघड भाग असा की अशा पुड्या बरेच महिने घेतल्यावर एका दिवसात बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. घरात कोणी अशी पूड घेत असेल तर रागावून ती फेकून देऊ नये. उरलेली पुडी कागदासकट डॉक्टरला दाखवावी आणि कधीपासून घेतली हे न लपवता सांगावे. मधुमेह आणि संधिवात बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंतींवर आणि मोबाइलवर त्या दिसतच राहतात.

डॉक्टरने सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननेही काही दिवस साखर चढते. परंतु तेथे औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख ठाऊक असते, त्या आठवड्यात साखर अधिक वेळा तपासून औषध जुळवून घेता येते.

‘शुगरच्या गोळ्यांनीच सांधे दुखतात, त्या सोडा’

येथेही एक खरी माहिती उलट्या टोकाने धरलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ग्लिप्टिन गटातील औषधांविषयी, म्हणजे सिटाग्लिप्टिन, सॅक्साग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन आणि अलोग्लिप्टिन यांविषयी, इशारा दिला होता की काही मोजक्या रुग्णांत त्यांनी तीव्र, हालचाल अशक्य करणारी सांधेदुखी होऊ शकते. औषध सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी किंवा काही वर्षांनीही ती सुरू झाल्याची उदाहरणे होती, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांची वेदना महिन्याभरात ओसरली. आपल्याकडे विल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ च्या अखेरीस आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपल्यावर या गोळ्या पुष्कळ स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोहोचल्या, त्यामुळे ही माहिती रुग्णांना असणे योग्यच आहे.

मात्र हा दुष्परिणाम विरळ आहे आणि तो एका विशिष्ट गटाचा आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन यांवर तो लादण्याला आधार नाही. गोळी सुरू झाल्याची तारीख आणि दुखणे सुरू झाल्याची तारीख जवळजवळ असतील, तर ती जोडी डॉक्टरसमोर मांडावी. डॉक्टर त्या जागी दुसरे औषध देऊन काही आठवडे निरीक्षण करू शकतो. दुखणे थांबले तर कारण सापडले, नाही थांबले तर पुढे शोध घेता येतो. रुग्णाने आपणहून सगळ्याच गोळ्या सोडल्या तर कारण कळत नाही, साखर मात्र बेफाम होते, आणि अनियंत्रित साखर असलेल्या माणसावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसारखा उपचार करायला शल्यविशारदही धजत नाहीत, कारण जखम चिघळण्याची भीती असते.

‘चालणे कमी करा, गुडघे झिजतात’

झिजेच्या गुडघेदुखीत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि झेपेल तेवढे चालणे यांनी वेदना कमी होते आणि साखरही उतरते. शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. दुखऱ्या दिवशी अंतर कमी करावे, उकिडवे बसणे टाळावे, हवी तर काठी घ्यावी. चालणे सोडू नये. याला अपवाद एकच, आणि तो मधुमेहींनी लक्षात ठेवायलाच हवा: पाऊल किंवा घोटा एकाएकी सुजून गरम झाला असेल, तर दुखत नसले तरी त्या पायावर भार देऊ नये. त्याचे कारण पुढच्या मुद्द्यात येते.

‘तीन महिने काढा घेऊन वाट पाहा’

माझ्या नात्यातील एका काकांना बरीच वर्षे मधुमेह आहे. पायांना बधिरपणा होता, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. एकदा एसटीतून उतरताना त्यांचा पाय किंचित मुरगळला आणि दोन दिवसांत घोटा व पाऊल सुजले. वेदना नगण्य होती, त्यामुळे घरात सगळ्यांना ते किरकोळच वाटले. हळदीचा लेप लागला, शेक झाला, काढा सुरू झाला आणि काका नेहमीसारखे मंडईत जात-येत राहिले. हात लावला तर उजवे पाऊल डाव्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागत होते, पण त्या गरमपणाला काही अर्थ आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. दीड-दोन महिन्यांनी तळव्याची कमान खाली बसली, मधोमध हाड फुगून आले आणि त्यावर जखम झाली.

या विकाराला शार्को पाऊल म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये दुसऱ्या एका आजाराच्या संदर्भात असे उद्ध्वस्त सांधे वर्णिले. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये नोंदवला गेला. नसा बधिर झाल्यामुळे हाडांना बारीक तडे गेले तरी वेदना इशारा देत नाही, माणूस चालत राहतो आणि पावलाची हाडे आतल्या आत मोडत, सरकत जातात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, असेही होते. दोन पावलांच्या तापमानात सुमारे दोन अंश सेल्सियसचा फरक असेल तर तो गंभीर मानतात. उपचार साधा वाटतो पण चिकाटीचा आहे: विशिष्ट प्लास्टर किंवा बूट घालून त्या पायावरचा भार काही महिने पूर्णपणे काढून घेणे. तो पहिल्या आठवड्यात सुरू झाला तर पावलाचा आकार वाचतो. तीन महिने थांबणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वाचवायला फारसे उरलेले नसते.

आमवातातही हे तीन महिने फार मोलाचे असतात. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखे आजाराच्या मुळावर काम करणारे औषध सुरू झाले तर सांधे कायमचे खराब होण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, सोबत फॉलिक ॲसिड लागते, आणि रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दाखवून ती आणणे आणि रोज घेणे जिवावर बेतू शकते.

तज्ज्ञ शहरात असतात, खर्च परवडत नाही, कामाचा खाडा होतो, ही अडचण मी नाकारत नाही. संधिवाततज्ज्ञ पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांतच प्रामुख्याने आहेत. परंतु प्रत्येक दुखऱ्या सांध्याला त्यांची गरज नसते. सुरुवात नेहमीच्या शुगरच्या डॉक्टरपासून किंवा सिव्हिलमधील मधुमेह-रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागापासून करावी. तेथे साखरेचा कागद पाहून दोन मिनिटांत सुटका होते, म्हणून दारात शिरताच पहिले वाक्य सांध्याचे असावे: ‘डॉक्टर, शुगरशिवाय एक नवीन त्रास आहे; उजवा खांदा दोन महिन्यांपासून दुखतो आणि आता हात मागे जात नाही.’ घरातील सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, पुड्या आणि काढ्याची बाटली पिशवीत घालून न्यावी, शेवटचे क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल सोबत ठेवावा. सूज येते-जाते असेल तर ती असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बहुधा उतरलेली असते. दुखणे वाढतच असेल, रात्रीची झोप मोडत असेल, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर पुढच्या नियमित तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जावे.

एका प्रसंगात मात्र आठवडाही फार होतो. एकच सांधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत लाल, गरम व टम्म फुगला, जरासा हलवला तरी कळ येते आणि सोबत ताप किंवा थंडी वाजत आहे, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. मधुमेहींमध्ये हा धोका अधिक असतो, काहींना ताप येतही नाही, आणि उपचाराविना काही दिवसांतच सांध्यातील कूर्चा नष्ट होऊन संसर्ग रक्तात पसरतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. जाण्यापूर्वी घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यानंतर सुईने काढलेल्या पाण्यात जंतू सापडणे अवघड होते आणि नेमके औषध निवडता येत नाही.